युद्धकाळात सैनिकाचा मृत्यू नेमका कशाने झाला, हे कसे शोधावे

घरातला, भावकीतला किंवा गावातला एखादा माणूस युद्धाच्या काळात सैन्यात असताना गेला एवढेच ठाऊक असते, आणि तो कसा गेला असे विचारले की बहुतेक ठिकाणी ‘लढाईत पडला’ एवढ्यावर उत्तर संपते. कोणत्याही युद्धात सैनिक केवळ शत्रूच्या गोळीने मरत नाहीत. वाहन दरीत कोसळते, विमान धुक्यात डोंगरावर आदळते, सुरुंग पेरतानाच फुटतो, दारूगोळ्याच्या साठ्याला आग लागते, हिमकडा कोसळतो, आणि कित्येकदा आपल्याच तोफेचा गोळा किंवा आपल्याच विमानाचा बॉम्ब आपल्या माणसांवर पडतो. अशा मृत्यूचा शोध घेताना कोणते कागद पाहावेत, ते कसे वाचावेत आणि हाती आलेले सत्य कसे लिहावे, हे या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांना तिचा उपयोग होईलच. पण ती मुख्यतः कुटुंबीयांसाठी लिहिली आहे, कारण खरे कारण जाणून घेण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे.

शोधाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मृत्यूच्या कारणाची नोंद म्हणजे कोणीतरी, एका विशिष्ट वेळी, एका विशिष्ट कामासाठी घेतलेला निर्णय असतो. ते काम कधी पेन्शन ठरवण्याचे असते, कधी शौर्यपदकाची शिफारस करण्याचे, तर कधी पलटणीचे मनोधैर्य टिकवण्याचे. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकी मृतांचा तक्ता या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील या तक्त्यात एकूण ५८,२२० मृत्यू नोंदले आहेत आणि त्यांपैकी १०,७८६ शत्रूच्या कारवाईबाहेरचे आहेत. एकट्या अपघाताच्या रकान्यात ९,१०७ जण आहेत. मात्र आपल्याच माऱ्यात गेलेल्यांसाठी त्या तक्त्यात वेगळा रकानाच नाही. ती माणसे इतर रकान्यांत विखुरली आहेत. १९९१ च्या आखाती युद्धात लढाईत मेलेल्या १४८ अमेरिकी सैनिकांपैकी ३५ जण स्वपक्षाच्या माऱ्यात गेले, हे चौकशी झाली म्हणून कळले. तेव्हा ‘युद्धात मृत्यू’ अशी नोंद दिसली, तर त्यावरून मारा कोणाचा होता हे ठरत नाही, आणि ‘अपघात’ अशी नोंद दिसली, तर त्या वेळी लढाई चालू नव्हती असेही ठरत नाही.

आधी माणूस पक्का करावा

सेवा क्रमांक, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण या पाच गोष्टी हाती आल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपल्याकडे नावावरून शोधणे फार फसवे ठरते. एकाच पलटणीत एकाच नावाचे तीन-चार शिंदे किंवा जाधव सहज सापडतात, आणि जुन्या इंग्रजी कागदांत तर कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव उतरवलेले असते. म्हणून नावाची जेवढी संभाव्य इंग्रजी स्पेलिंगे सुचतील तेवढी लिहून काढावीत आणि वडिलांचे नाव, गाव, तालुका यांच्याशी ताडून पाहावीत. घरात जुने पेन्शन बुक, पदके किंवा पलटणीचे पत्र असेल, तर तेथूनच सुरुवात करावी. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांच्या पदकांच्या कडेवर बहुधा सेवा क्रमांक आणि नाव कोरलेले असते, आणि ते भिंग घेऊन वाचता येते. गावातील स्मारकशिळेवर मात्र फार विसंबता येत नाही. महायुद्धानंतर अनेक गावांत बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवर या गावातून इतके गेले आणि इतक्यांनी प्राण दिले एवढाच आकडा आहे. नावेही नाहीत, मग कारण कोठून असणार?

दोन्ही महायुद्धांतील मृतांसाठी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची यादी पाहावी. हा आयोग १९१७ साली स्थापन झाला आणि त्याची यादी सर्वांना खुली आहे. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन कालखंडांत जो सेवेत असताना मेला, त्याचे स्मरण आयोग करतो, मग मृत्यू गोळीने झालेला असो, तापाने झालेला असो की ट्रक उलटून. हा नियम फार उदार आहे आणि मला तो मनापासून पटतो. पण संशोधकाला त्याचा अर्थ नीट कळायला हवा. यादीत नाव आहे म्हणजे तो माणूस लढताना गेला, असा निष्कर्ष काढता येत नाही. पुण्याजवळच्या खडकी युद्धस्मशानभूमीत पहिल्या महायुद्धाचे जे स्मारक आहे, त्यावरील नावे भारताच्या भूमीवर मेलेल्यांची आहेत, आणि त्यांतील ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडी स्मशानभूमीतून १९६२ साली तेथे आणले गेले. रणभूमीपासून हजारो मैल दूर असलेली ही माणसे युद्धकाळातच गेली, आणि त्यांची नावे रणात पडलेल्यांच्या बरोबरीने कोरली आहेत.

येथे आणखी एक धोका आहे, जो इंग्रजी मार्गदर्शिका वाचून शोध घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. युरोपीय सैनिकाचे नाव समाधीवर नसून सामूहिक स्मारकावर असेल, तर बहुधा त्याचे शव सापडले नाही असे समजतात, आणि त्यावरून स्फोटाचा किंवा बुडण्याचा तर्क करतात. हिंदू सैनिकांच्या बाबतीत हा तर्क चालत नाही. त्यांचे दहन होत असे, त्यामुळे शव व्यवस्थित मिळालेले असतानाही नाव स्मारकावरच असते. इटलीतील सांग्रो नदीच्या युद्धस्मशानभूमीत दहन झालेल्या भारतीय सैनिकांचे स्वतंत्र स्मारक आहे. तेथे नाव असेल, तर अंत्यसंस्कार झाले एवढे निश्चित कळते.

वॉर डायरी वाचण्याची रीत

पलटणीची वॉर डायरी हा या शोधातील सर्वांत मोलाचा कागद आहे. स्थळ, तारीख, वेळ आणि घटनेचा सारांश असे तिचे रकाने असतात आणि युद्धकाळात ती रोज लिहिली जाते. पहिल्या महायुद्धातील डायऱ्या लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असलेल्या तुकड्यांसाठी तेथेच डब्ल्यूओ १७२ ही मालिका पाहावी. स्वातंत्र्योत्तर काळातील कागदपत्रांसाठी संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग आणि त्या त्या रेजिमेंटचे केंद्र यांच्याकडे जावे लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला आणि बॉम्बे सॅपर्सचे खडकीला आहे.

डायरी उघडल्यावर केवळ मृत्यूच्या तारखेचे पान पाहून मिटवू नये. आधीचा आठवडा वाचावा, म्हणजे पलटण आघाडीवर होती, विश्रांतीला होती की प्रशिक्षण घेत होती, हे समजते. ती मागच्या छावणीत असताना दोन माणसे मेलेली दिसली, तर हातबाँबचे प्रशिक्षण, वाहन किंवा दारूगोळा यांपैकी काहीतरी कारण असण्याचा संभव मोठा. नंतरचे दोन आठवडेही वाचावेत, कारण चौकशी नेमल्याचा उल्लेख नंतरच येतो. ब्रिटिश काळातील डायऱ्यांत अधिकाऱ्याचे नाव असते आणि भारतीय शिपायांचा बहुधा फक्त आकडा असतो. असा आकडा मिळाला की आयोगाच्या यादीत त्याच पलटणीची, त्याच तारखेची नावे काढून आकड्याशी जुळवावीत. जुळली, तर नाव आणि घटना यांची गाठ बसते.

भाषेकडेही बारकाईने पाहावे. शत्रूचा मारा असेल, तर तो कोठून आला, कोणत्या तोफेचा होता, आपण काय उत्तर दिले, हे लिहिणारा हटकून लिहितो. आपल्या बाजूचा असेल, तर वाक्यातून कर्ता नाहीसा होतो: ‘गोळे जवळ पडले’, ‘बॉम्ब अलीकडे पडले’, ‘काही हानी झाली’. असे कर्ता नसलेले वाक्य दिसले की त्याच दिवसाची तोफखान्याची डायरी, शेजारच्या पलटणीची डायरी आणि ब्रिगेडच्या मुख्यालयाची डायरी मागवावी. ज्यांच्यावर गोळे पडले त्यांनी एक वाक्य लिहिलेले असते. ज्यांनी टाकले त्यांच्याकडे मात्र पत्ता, वेळ, गोळ्यांची संख्या आणि मारा थांबवण्याचा आलेला संदेश, असे सगळे सापडू शकते.

मोठ्या बॉम्बवर्षावाच्या दिवशी मेलेल्या सैनिकाचा शोध घेताना तर हे करायलाच हवे. नॉर्मंडीत २४ आणि २५ जुलै १९४४ रोजी अमेरिकी विमानांचे बॉम्ब आपल्याच फळीवर पडले आणि शंभराहून अधिक अमेरिकी सैनिक मेले. लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअर त्यांपैकीच एक होते. इटलीत सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी आठव्या भारतीय डिव्हिजनने हल्ला चढवला आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तो दिवस मराठी वाचकांना माहीत असतो. त्याच दिवशी, त्याच आक्रमणाच्या तयारीसाठी आलेल्या बॉम्बर विमानांपैकी काहींनी जवळच्या पोलिश सैनिकांवर बॉम्ब टाकले, हे आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. त्या दिवसाच्या कोणत्याही मृत्यूकडे पाहताना या दोन्ही गोष्टी समोर असाव्यात.

आपल्या स्वतंत्र भारताच्या युद्धांतही असे प्रसंग आहेत. १ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी छांब क्षेत्रात पाकिस्तानी रणगाड्यांची मुसंडी रोखण्यासाठी हवाई दलाला घाईने बोलावले गेले, आणि वेगाने मागेपुढे होणाऱ्या त्या गोंधळात आपल्या विमानांनी २० लान्सर्सचे काही रणगाडे आणि ३ महार या पलटणीची दारूगोळ्याची वाहने उद्ध्वस्त केली. त्या दिवशी पडलेल्या सैनिकाची नोंद वाचणाऱ्याने पायदळ, चिलखती दल आणि हवाई दल या तिघांचे वृत्तान्त शेजारी शेजारी ठेवावेत. १० डिसेंबर १९७१ रोजी खुलन्याजवळ घडलेला प्रसंग याहून बोलका आहे. आयएनएस पनवेल आणि मुक्तिवाहिनीच्या पद्मा व पलाश या गनबोटी यांचा ताफा कमांडर सामंत यांच्या नेतृत्वाखाली नदीतून पुढे जात होता. ओळख पटावी म्हणून बोटींवर पिवळी खूण होती, तरीही आपल्याच विमानांनी हल्ला केला आणि पद्मा व पलाश बुडाल्या. पलाशवरील रुहुल अमीन त्या दिवशी मृत्युमुखी पडले आणि पुढे त्यांना वीरश्रेष्ठ हा बांगलादेशाचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. सामंत यांना महावीर चक्र मिळाले. एकाच घटनेत चूक आणि पराक्रम दोन्ही आहेत, आणि एक नोंदले म्हणून दुसरे लपवण्याचे काहीच कारण नाही.

पहिल्या बातमीवर थांबू नये

युद्धकाळातील पहिली बातमी पुष्कळदा अपुरी असते आणि कधी जाणूनबुजून चुकीची असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजातील कापसाला लागलेली आग स्फोटकांपर्यंत पोहोचली आणि शेकडो माणसे मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यांत होते. शहरात जपानी हल्ल्याची अफवा उठली, आणि युद्धकालीन बंधनांमुळे वार्ताहरांना ही हकीकत बाहेर पाठवण्याची परवानगी मे महिन्यापर्यंत मिळाली नाही. एप्रिलची वर्तमानपत्रे चाळून ‘काहीच सापडत नाही’ असे म्हणणाऱ्या शोधकाने मे आणि जूनचे अंक पाहावेत.

अमेरिकी सैनिक पॅट टिलमन २२ एप्रिल २००४ रोजी अफगाणिस्तानात मारले गेले. प्रसिद्ध फुटबॉलपटू असल्याने त्यांच्या मृत्यूची बातमी जगभर गेली, शत्रूशी लढताना मृत्यू आल्याचे सांगून त्यांना सिल्व्हर स्टार हे पदक जाहीर झाले, आणि आपल्याच तुकडीच्या गोळीबारात ते गेले हे कुटुंबाला कळायला सुमारे पाच आठवडे लागले. कुटुंबाने पिच्छा सोडला नाही म्हणून पुढे अनेक चौकशा झाल्या आणि २००७ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर सुनावणी झाली. आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरजवळ बडगाम येथे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक मेले. त्यांतील एक अधिकारी नाशिकचे होते. पहिल्या दिवसांत तो साधा अपघात समजला गेला. आपल्याच क्षेपणास्त्राने ते पाडले गेले, ही मोठी चूक होती, असे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केले. हे मान्य करायला लागलेले महिने खटकतात. तरीही प्रमुखाने स्वतः उभे राहून ते सांगितले, याचे मोल मी कमी मानत नाही.

यावरून शोधकाने एक सवय लावून घ्यावी. प्रत्येक कागदावर तो केव्हा लिहिला गेला ती तारीख टिपावी, आणि घटनेच्या दिवशीचे, महिन्यानंतरचे व वर्षानंतरचे कागद वेगळे ठेवावेत. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूंची मृत्यू-समीक्षकापुढे (कॉरोनर, म्हणजे मृत्यूचे कारण ठरवणारा लष्कराबाहेरचा अधिकारी) खुली चौकशी होते. १९९१ मध्ये अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात मेलेल्या नऊ ब्रिटिश सैनिकांच्या बाबतीत पुढच्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे ‘बेकायदेशीर हत्या’ असा निर्णय झाला होता. लष्कराबाहेरच्या अशा चौकशीचे कागद जेथे असतील, तेथे ते सर्वांआधी मिळवावेत.

भारतीय कुटुंबाने कोणते कागद मागावेत

अलीकडच्या काळातील मृत्यू असेल, तर कारणाच्या नोंदीवर घराचे पोट अवलंबून असते, म्हणून येथे जास्त सावध राहावे. सेनेत मृत्यूचे मुख्यतः ‘बॅटल कॅज्युअल्टी’, म्हणजे लढाईतील किंवा तसा मानलेला मृत्यू, आणि ‘फिजिकल कॅज्युअल्टी’, म्हणजे इतर मृत्यू, असे दोन प्रकार केले जातात. पेन्शनसाठी ३१ जानेवारी २००१ च्या शासनपत्रातील ए ते ई हे पाच वर्ग लागू होतात. कर्तव्यावरील सर्वसाधारण अपघात, उदाहरणार्थ सरकारी वाहनाचा किंवा विमानप्रवासातील, सी वर्गात येतो आणि त्यासाठी विशेष कुटुंब पेन्शन, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ६० टक्के, मिळते. शत्रूच्या कारवाईतील मृत्यू ई वर्गात येतो आणि त्यासाठी उदारीकृत कुटुंब पेन्शन शेवटच्या वेतनाइतकी असते.

पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते ते असे, की ई वर्गात केवळ शत्रूची गोळी येत नाही. सीमेजवळच्या कारवाईच्या क्षेत्रात सुरुंग पेरताना किंवा काढताना आपलाच सुरुंग फुटून आलेला मृत्यू त्यात येतो, आणि खऱ्या दारूगोळ्यासह चालणाऱ्या युद्धसरावातील मृत्यूही येतो. २००१-०२ मध्ये सैन्य सीमेवर उभे असताना युद्ध न होताही सुरुंग पेरताना अनेक जवान गेले. तेथे ही तरतूद थेट लागू पडते. तसेच सैन्यादेश १/२००३ नुसार नियंत्रणरेषेवर कारवाईच्या कर्तव्यावर असताना हिमस्खलन, पूर, दरड यांसारख्या आपत्तीत आलेला मृत्यू ‘बॅटल कॅज्युअल्टी’ ठरतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका जवानाच्या पत्नीला उदारीकृत पेन्शनचा हक्क मान्य केला. नियंत्रणरेषेजवळ गस्तीवर असताना अतिथंडीत त्याचे हृदय बंद पडले होते. तिला न्यायालयात खेचल्याबद्दल न्यायालयाने सरकारला ५०,००० रुपये खर्चही देण्यास सांगितले.

म्हणून सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी अर्ज करून पुढील गोष्टींच्या प्रती मागाव्यात: मृत्यूची पहिली सूचना, सैनिकाच्या सेवेतील घटना नोंदवणाऱ्या ‘भाग दोन आदेशा’तील नोंद, शवविच्छेदन अहवाल, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा (लष्कराच्या अंतर्गत चौकशीचा) निष्कर्ष व त्यावरील वरिष्ठांचा शेरा. सुरुवातीच्या सूचनेतील वर्ग आणि अंतिम वर्ग यांत फरक पडला असेल, तर तो कोणी, केव्हा आणि कोणत्या नियमानुसार बदलला, हे स्पष्ट विचारावे. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला, तर पत्ता आणि नमुना चुकत नाही. उत्तर आले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. चौकशीची पूर्ण कागदपत्रे सुरक्षेच्या कारणाने नाकारली जाण्याची शक्यता असते, म्हणून अर्जातच कायद्याच्या कलम १० चा उल्लेख करून, गोपनीय भाग वगळून उरलेला भाग द्यावा, अशी मागणी करावी. नकार मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. पेन्शनच्या वर्गाविषयीचा वाद सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जातो, आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे.

लिहिताना आणि सांगताना

सापडलेली गोष्ट लिहिताना जे कागदात आहे, जे दोन कागद जुळवून निघते आणि जे केवळ संभवते, या तीन गोष्टी वाचकाला वेगळ्या दिसतील अशा लिहाव्यात. गोळी कोणी झाडली त्या सैनिकाचे नाव कागदात सापडले, तरी ते छापू नये. रात्रीच्या अंधारात, तुटलेल्या संपर्कात, चुकीच्या नकाशावर विसंबून झालेल्या कृतीचे ओझे त्या माणसाने जन्मभर वाहिलेले असते. मूळ कारण बहुधा ओळख पटवण्याच्या व्यवस्थेत असते, आणि लिहिणाऱ्याने तेथे बोट ठेवावे.

कुटुंबाला सांगण्यापूर्वी त्यांना हे जाणून घ्यायचे आहे का, हे आधी विचारावे. घरात तीन पिढ्या सांगितली गेलेली रणांगणाची हकीकत एका दुपारी पुसून टाकणे ही लहान गोष्ट नाही. ज्यांना ऐकायचे आहे, त्यांना मूळ कागदाची प्रत हातात देऊन, तारखेच्या क्रमाने आणि मराठीत समजावून सांगावे. कोणता भाग निश्चित नाही, तेही त्याच बैठकीत सांगावे. त्यांची संमती असेल, तर प्रतींचा एक संच रेजिमेंटच्या केंद्राला आणि एक गावच्या ग्रंथालयाला द्यावा, आणि सोबत कोणता कागद कोठून व कोणत्या क्रमांकाखाली मिळाला याची यादी जोडावी.